ओठांत धरलेला कागद

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम करत उभी होते. मायक्रोवेव्हचे शेवटचे वीस सेकंद राहिले होते. पलीकडून निशा, काकांची मुलगी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "शुभामावशी, बाबा गेला. सकाळी. मी ट्रेनमध्येच होते." ती लंडनला हाउन्सलोत राहते. एडिनबराला यायला पहाटेच निघाली होती, पण पोचेपर्यंत उशीर झाला. मी तिला काय बोलले ते आठवत नाही. डबा बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि वरणभात चांगला गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग तो गारच खाल्ला... टाकून द्यायचं धाडस होईना, कारण ताटात टाकलेलं अन्न पाहिलं की काका भुवई उंचावत.

काका म्हणजे विश्राम कदम. मूळचे साताऱ्याकडचे, चाळीसेक वर्षं एडिनबरात. नोकरी इथल्या एका हॉस्पिटलच्या वर्कशॉपात. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या दुरुस्त करायचे, धार लावायचे. पण आम्हा आठ-दहा जणांना ते ठाऊक होते ते तलवारीचे गुरू म्हणून. दर शनिवारी सकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये ते जपानी तलवार शिकवत. नात्यागोत्याचं काही नाही, तरी मी त्यांना काका म्हणे आणि त्यांना ते चाले.

मी त्या हॉलमध्ये गेले ती तलवारीसाठी नव्हे, हीटिंगसाठी. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, तो आमचा पहिला हिवाळा. साडेतीनला अंधार, घराचं बॉयलर बिघडलेलं, नवरा ऑफिसात, आणि मी नागपूरची. आमच्याकडे उन्हाने माणसं मरतात, थंडीने मरायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. हॉलच्या दाराशी क्लासचा कागद दिसला, म्हटलं आत निदान ऊब तरी असेल. कसली ऊब! दहा माणसं लाकडी फरशीवर अनवाणी, गुडघे दुमडून गप्प बसलेली. "अगं बाई, काय हा गारठा," असं मी स्वतःशीच पुटपुटले, तर समोर पाठमोरा बसलेला माणूस मान न वळवता मराठीत म्हणाला, "मोजे काढ, आणखी वाजेल." मी मोजे काढले. त्यानंतर अकरा वर्षं दर शनिवारी काढत आले.

या विद्येत समोर कुणी शत्रू नसतो. शांत बसायचं, तलवार म्यानातून काढायची, एक वार करायचा, पात्यावरचं नसलेलं रक्त झटकायचं आणि न बघता पुन्हा म्यानात घालायची. बस्स. पहिले तीन महिने काकांनी मला फक्त बसायला आणि उठायला शिकवलं. मी वैतागून म्हटलं की बसायला तर मला लहानपणापासून येतं. त्यावर ते म्हणाले की पाटावर बसायला येतं, माणसासमोर बसायला नाही. मग त्यांनी दाखवलं की सामुराई दुसऱ्याच्या घरी गेला की तलवार कमरेतून काढून आपल्या उजव्या हाताला ठेवी. डावीकडे ठेवली की उजव्या हाताने झटकन उपसता येते. उजवीकडे ठेवली की येत नाही. माझ्यापासून तुम्हाला धोका नाही हे तोंडाने सांगायची गरज पडत नसे. पुढे गुडघे गेले आणि काकांना काठी आली, तेव्हा आमच्या घरी आले की ती काठीही ते खुर्चीच्या उजव्या बाजूला टेकवत. माझी मुलगी लहान असताना गंमत म्हणून ती डावीकडे नेऊन ठेवायची आणि काका न बोलता पुन्हा उजवीकडे आणायचे.

लोकांना या विषयातलं एकच ठाऊक असतं. एकदा इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी प्रसादाची वाटी हातात धरून काकांना विचारलं की ते सामुराई पोट नेमकं कसं फाडून घेत. काका क्वचित चिडत, तेव्हा चिडले. म्हणाले की अडीचशे वर्षं त्या देशात लढाईच नव्हती, बहुतेक सामुराई कचेरीत बसून धान्याच्या नोंदी करत होते, अक्षर सुधारत होते आणि पगार पुरत नाही म्हणून घरी छत्र्या बनवत होते. कमरेला दोन तलवारी आणि बोटांना शाई. "मेले कसे ते सगळे विचारतात हो," ते म्हणाले. "चूक झाली की काय करायचे, ते कुणी विचारत नाही." त्या गृहस्थांनी वाटी संपवली आणि दुसरीकडे गेले. मी त्या दिवशी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

काकांना ही विद्या मिळाली हारुकोबाईंकडून. त्या जपानी, पतीच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे एडिनबरात आल्या आणि पती गेल्यावर इथेच राहिल्या. त्या हॉस्पिटलात पेशंट म्हणून असताना त्यांना कळलं की इथे एक माणूस धार फार छान लावतो. बऱ्या झाल्यावर त्या घरची भाजी चिरायची सुरी घेऊन वर्कशॉपात हजर. काकांनी ती उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, हे पोलाद माझ्या ओळखीचं नाही, मी हात लावला तर बिघडेल. बाई खूश झाल्या. न येणाऱ्या कामाला नाही म्हणणारा माणूस त्यांना परदेशात पहिल्यांदाच भेटला होता म्हणे. पुढे वीस वर्षं त्यांनी काकांना शिकवलं.

हारुकोबाईंच्या माहेरची एक तलवार होती. एका लहानशा संस्थानातलं सामुराई घराणं. सरकारने तलवार बाळगायला बंदी केली तेव्हा पणजोबांनी ती तांदळाच्या पेटीच्या तळाशी लपवली आणि ते मीठ विकायला लागले. ती तलवार बाईंनी जाताना काकांच्या हवाली केली, दिली नाही. जपानातली त्यांची नात मिसाकी तेव्हा शाळेत होती आणि तिच्या आईवडिलांना त्या लोखंडात काडीचा रस नव्हता. नात मागेल तेव्हा, किंवा तुम्ही जाल तेव्हा, तिच्याकडे पोचवा, जशी आहे तशी. काकांनी शब्द दिला. "जशी आहे तशी" हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील! कौतुकाने कुणी ती हातात मागितली की काका नमस्कार करून नाही म्हणत. माझी नाही, मी राखणदार, एवढंच त्यांचं उत्तर.

आता पियानोची गोष्ट सांगायलाच हवी. चौथ्या की पाचव्या वर्षी, अंगात थोडी रग आली होती तेव्हा, मी काकांचं न ऐकता भिंतीजवळ वार करायला गेले आणि माझ्या सरावाच्या तलवारीने चर्चच्या जुन्या पियानोच्या झाकणावर वीतभर लांब ओरखडा काढला. सरावाची तलवार बोथट असते, पण पियानोला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी माफीचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात काका हॉल सांभाळणाऱ्या बाईंसमोर जाऊन कमरेत वाकून उभे. माझ्या हातून झालं, असं म्हणाले. माझ्या विद्यार्थिनीच्या हातून असंही नाही... माझ्या हातून. पुढचे दोन शनिवार त्यांनी स्वतः बसून तो ओरखडा भरला. मी रागाने लाल. बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, माझी चूक मला द्या. मी काय लहान आहे?" ते हसले. म्हणाले, "तुला भिंतीचं अंतर शिकवायचं माझ्याकडून राहिलं. राहिलं ते माझं." मी बजावलं की पुढच्या वेळी माझ्या चुकीचं माफीपत्र मीच लिहिणार. बरं, म्हणाले.

त्यांच्या घरी लवंगेच्या तेलाचा वास असे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं यांची दाढ दुखते. ते तलवारीचं तेल होतं. महिन्यातून एकदा काका ती उतरवत, मऊ कागदाने जुनं तेल पुसत, बारीक भुकटीचा बोळा पात्यावर टपटप आपटत, पुन्हा पुसत आणि नव्या तेलाचा पातळ हात देत. हे सगळं करताना ओठांत कागदाची एक घडी धरलेली. श्वासाची वाफ पोलादावर पडली तरी डाग पडतो, म्हणून. तोंडात कागद असला की बोलताही येत नाही, आणि काकांना ते आवडायचं. त्या वेळात आमच्या गप्पा म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी भुवयांनी उत्तर द्यायचं. गेल्या उन्हाळ्यात आजार बळावला, हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी हे काम मला शिकवलं. मी ओठांत कागद धरून पहिल्यांदा ते पातं पुसलं. काका शेजारी बसून होते. माझ्या आयुष्यात मला डिग्र्या मिळाल्या, प्रमोशन मिळालं, ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, पण त्या दुपारइतकी मी कधी मोठी झाले नव्हते.

सप्टेंबरात त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे होती. झाडांना पाणी, पत्रं, आणि महिन्याची तलवार. खंडेनवमीला मी ऑफिसातून हाफ डे घेतला. माझ्या वडिलांचं नागपूरला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक हत्यार सुटं व्हायचं. पाने, छिन्न्या, करवती, आईचं शिलाई मशीनसुद्धा. गंजलेलं हत्यार देवापुढे ठेवायचं नाही, हा बाबांचा एकच धर्म. मला वाटलं, काका आडवे झालेत, यंदा त्यांच्या तलवारीची पूजा आपण करू. पातं पुसून झालं. मग विचार आला की सुटं केल्याशिवाय कसली खंडेनवमी! मुठीतली बांबूची खुंटी कशी काढायची ते मी एकदा लांबून पाहिलं होतं. ती काढली, मूठ सोडवली, आणि आतून पात्याचा जो भाग निघाला तो बघून मला रडू आलं. काळाकुट्ट. गंजच गंज. काकांचे हात चालत नव्हते, म्हणून हे राहून गेलं असणार, आणि भिडस्त माणूस, मला बोलले नाहीत.

मी त्यांच्याच बरणीतली चिंच भिजवली. मीठ घातलं. चिंचेने गेलं नाही तेव्हा त्यांच्या हत्यारांच्या खणातला पॉलिश पेपर काढला आणि दुपारभर घासत बसले. बाबांची आठवण येत होती, हात भरून आले होते, पण थांबले नाही. संध्याकाळ होईतो तो भाग चांदीसारखा लखलखीत झाला. तिथे काही अक्षरं कोरलेली होती, ती घासून घासून पुसट झाली. मला वाटलं, मळच तो, निघाला. धुतलं, पुसलं, तेल लावलं, झेंडूची दोन फुलं वाहिली आणि मोबाइलवर फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, भेटीच्या वेळेत मी ते फोटो काकांना दाखवले. घासण्याआधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. त्यांनी चष्मा मागितला. फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि ती अक्षरं होती तिथे बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी आपली सांगतेय, चिंच किती लागली, हात कसे दुखले... मग त्यांनी फोन परत दिला.

"छान केलंस," म्हणाले. "दमली असशील."

आता तिला काही करू नकोस, गुंडाळून ठेव, मिसाकी येईल न्यायला, एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. जाताना मी त्यांच्या हातावर इथे मिळतात ती कागदाची आपट्याची पानं ठेवली. त्यांनी मूठ मिटली. त्यानंतर मी चार वेळा गेले, तलवारीचा विषय निघाला नाही. दसऱ्यापासून बाराव्या दिवशी निशाचा फोन आला.

मिसाकी आली ती काका जाऊन तीन आठवडे झाल्यावर. तिशीची, बारीक चणीची, काळा कोट. निशा होती, मी होते. मी चहा केला. मिसाकीने काकांच्या फोटोसमोर गुडघे दुमडून नमस्कार केला, सोबतची पिशवी स्वतःच्या उजवीकडे ठेवली, ते बघून मला भरून आलं. मग तिने ओठांत कागद धरला आणि तलवार उतरवली. खुंटी काढली, तेव्हा मी ट्रे हातात घेऊन जरा पुढेच सरकले. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

तिने तो लखलखीत भाग पाहिला. पाहतच राहिली. मग ओठांतला कागद काढून तिने शांतपणे, इंग्रजीत, आम्हाला समजावं म्हणून सांगितलं. तो गंज कधीच काढत नाहीत. तलवारीचं वय त्या गंजाच्या रंगावरून ओळखतात. घडवणाऱ्या लोहाराची सही त्यात जपलेली असते. तो तिथे यायला तीनशे वर्षं लागली होती आणि आता पुन्हा येणार नाही. अकरा वर्षं शिकून मला हे ठाऊक नव्हतं, कारण आमच्या सरावाच्या तलवारींना ना गंज, ना वय, आणि काकांच्या मते हे इतकं उघड होतं की सांगायचं त्यांना सुचलंच नसेल. भिंतीच्या अंतरासारखंच.

मला वाटलं आता ती विचारणार, हे कुणी केलं. तिने विचारलं नाही. तिने पर्समधून एक पत्र काढलं. मला सगळं ठाऊक आहे, म्हणाली. हॉस्पिटलच्या बिछान्यावरून काकांनी इंग्रजीत लिहिलेलं, निशा मध्ये भेटायला आली तेव्हा बंद पाकिटात तिच्याकडून पोस्टात टाकलेलं. अक्षर वाकडंतिकडं, ओळी खाली घसरलेल्या. मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे एक सण असतो, त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून देवापुढे ठेवतात. आजारपणात मला गावाची आठवण आली आणि माझ्या हातून हे झालं. तुमच्या आजीने मला वीस वर्षं शिकवलं, तरी मी अडाण्यासारखं वागलो. दिलेला शब्द मी मोडला. क्षमा मागायचाही मला हक्क नाही. विश्राम.

मिसाकी पत्राची घडी घालत म्हणाली की ते फार आजारी असणार, भान राहिलं नसेल. आजी त्यांना खूप मानायची. तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. ज्या माणसाने एका भाजीच्या सुरीला ओळख नाही म्हणून हात लावला नाही, त्याची कीव... आणि मी तिथे उभी होते, चहाचा ट्रे धरून. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी केलं, एवढंच. माझं तोंड उघडलं नाही. मिसाकीने तलवार गुंडाळली, वाकून निरोप घेतला आणि टॅक्सी आली.

दार लावल्यावर मी निशाला सगळं सांगितलं. ती सोफ्यावर बसली. रडली नाही. "मावशी, लीव्ह इट ना," म्हणाली. "बाबाने तसा डिसाइड केला होता. तलवार गेला, बाबा पण गेला. आता कोणाला सांगणार?" मला तिला धरून रडावंसं वाटलं, पण आधार द्यायला ती होती का मी, तेच कळेना. जाताना तिने काकांच्या खणातली मऊ कागदांची थप्पी आणि तेलाची बाटली मला दिली. तिच्या हाउन्सलोच्या घरी त्यांचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून झोप नाही. काकांनी माझी लाज वाचवली, असं लोक म्हणतील. मला ते पटत नाही. त्यांनी माझी चूक माझ्याकडून काढून घेतली, आणि पियानोच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं होतं की ती मला द्यायची. एवढं प्रेम करणाऱ्या माणसाचा राग कसा करावा, हे मला कळत नाही, पण राग आहे. आणि त्याहून जास्त स्वतःचा आहे. त्या दुपारी फोनवर बोट फिरवताना त्या माणसाने काय गिळलं असेल... ज्या तीन शब्दांवर उभी हयात काढली ते शब्द माझ्या चिंचेत विरघळलेले पाहून तो मला म्हणाला, दमली असशील.

गेल्या रविवारी दुपारी मी माझी सरावाची तलवार पुसायला बसले. तिला तेल लागत नाही, पण महिना भरला की हाताला राहवत नाही. काकांच्या थप्पीतला एक कागद घेतला, घडी घातली, ओठांत धरला. लवंगेचा वास आला. पुसता पुसता लक्षात आलं की दसऱ्यापासून ते जाईपर्यंत, ते सगळे दिवस, काका माझ्यासमोर असेच बसून होते, तोंडात कागद धरून. श्वाससुद्धा माझ्यावर पडू नये म्हणून. आणि मिसाकीसमोर मीही तेच केलं, फक्त मी कुणाला जपत नव्हते, स्वतःला सोडून.

मी कागद काढून टेबलावर ठेवला आणि हे लिहायला घेतलं. आधी मराठीत, कारण खंडेनवमी काय असते ते तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. याचंच इंग्रजी करून परवा मिसाकीला पाठवलं. पत्राच्या शेवटी लिहिलं की विश्राम कदमांनी दिलेला शब्द मोडला नाही, तो मी मोडला, माझं नाव शुभांगी. उत्तर यावं अशी अपेक्षा नाही. पाकीट बंद करताना टेबलावरचा तो कागद दिसला. घडीवर माझ्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. तोही आत घातला.